‘बहुतेक लोक’ म्हणजे नेमके कोण? सर्वेक्षणाचा फॉर्म आणि एका आजींचा प्रश्न

रामबागची लेक
नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे मी इंदुरात घरोघरी जाऊन एका सर्वेक्षणाचे फॉर्म भरते आहे. एकच प्रश्नावली अनेक देशांत फिरते आणि काही वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात, त्यातला हा प्रकार. संस्थेचं नाव सांगणार नाही, तसं लिहून दिलं आहे. मतदार यादीतून नावं निघतात. त्या पत्त्यावर जायचं आणि ज्याचं नाव आहे त्यालाच विचारायचं. घरातलं दुसरं कोणी कितीही बोलकं असो, त्यांचं उत्तर चालत नाही.

परवा एका आजींकडे गेले होते. (त्यांना विचारूनच लिहिते आहे, मोहल्ला मात्र सांगत नाही.) वय ऐंशीच्या पुढे, मराठी घर, फॉर्म हिंदीत. प्रश्न असा: ‘सामान्य तौर पर क्या आप कहेंगी कि ज़्यादातर लोगों पर भरोसा किया जा सकता है, या लोगों के साथ बहुत सावधान रहना पड़ता है?’

आजींनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, “कोणते लोक गं? वाड्यातले की बाहेरचे?”

आम्हाला शिकवलंय की प्रश्न समजावून सांगायचा नाही, जसाच्या तसा पुन्हा वाचायचा. मी वाचला. आजी म्हणाल्या, “मला ऐकू येतंय, बाळ. कोणते लोक ते सांग.” मी तिसऱ्यांदा वाचला. शेवटी कंटाळून म्हणाल्या, “लिही, जपून राहावं लागतं.”

फॉर्म संपला आणि मग गप्पांत कळलं की आजी गेली चाळीस वर्षं गावाला जाताना घराची किल्ली शेजारी ठेवून जातात. कुलूप लावून किल्ली सोबत नेणं त्यांना अपमान वाटतो, शेजाऱ्यांचा.

आणि मी त्यांच्या नावापुढे ‘सावध’ अशी खूण करून आले. रात्री झोप लागली नाही. मी प्रश्न समजावून सांगायला हवा होता का? आणि अशा खुणा गोळा करून भारताचा एक आकडा काढायचा आणि तो नॉर्वेच्या शेजारी मांडायचा, याला काही अर्थ आहे का?

पोहे_आणि_शेव
आजी बरोबरच विचारून राहिल्या! सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बारा वाजता ‘बहुतेक लोक’ वेगळे आणि सकाळी दुधाच्या लाइनीत वेगळे. मी असतो तर तिथेच पेन खाली ठेवलं असतं.

जेलरोडचा जुना
माझं वय अडुसष्ट. आजवर एकाही सर्व्हेवाल्यानं माझं दार वाजवलेलं नाही, माझ्या भावांचं नाही, व्याह्यांचं नाही. मग पेपरात ‘भारतीयांना असं वाटतं’ हे छापतात ते कोणाला विचारून? एकशे चाळीस कोटींच्या देशात हजार-बाराशे माणसं विचारायची आणि देशाचं मन कळलं म्हणायचं, हे मला पटत नाही. राग नाही, पण मोजणी म्हणजे मोजणी. जनगणनेचा माणूस तरी दारी येतो.

आकडेवाला
जेलरोडकाका, रागावू नका, हिशेब मांडतो. माझी नोकरी यातच गेली.

२०२४ च्या लोकसभेला मतदार होते सुमारे ९६ कोटी ८० लाख. त्यातून १२०० जण चिठ्ठ्या टाकून काढले तर तुमचा नंबर लागण्याची शक्यता साधारण आठ लाखांत एक. तेव्हा दार वाजलं नाही यात काही गडबड नाही. शितावरून भाताची परीक्षा हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक असतं. पातेलं चार माणसांचं असो की लग्नातलं, चाचपायला शितं तेवढीच लागतात. हजार माणसं खरोखर चिठ्ठीनं निवडली असतील तर चूक साधारण तीन टक्के इकडे-तिकडे, मग देश लक्झेंबर असो की भारत. ती चूक निम्मी करायची तर माणसं दुप्पट नाही, चौपट लागतात. म्हणून सगळे हजार-बाराशेवर थांबतात.

जास्त माणसं म्हणजे जास्त खरं, असंही नाही. १९३६ साली अमेरिकेत एका साप्ताहिकानं एक कोटी पत्रं पाठवली, वीस लाखांहून जास्त उत्तरं आली आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट निवडणुकीत पडणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्त्यांचा आधार होता टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींची नोंदणी. मंदीच्या काळात टेलिफोन आणि मोटार कोणाकडे होती? जॉर्ज गॅलप या सर्वेक्षणवाल्यानं त्याच निवडणुकीत कितीतरी कमी माणसांवरून निकाल बरोबर सांगितला.

निवृत्त_शिक्षिका
शितांचं उदाहरण बरोबर आहे, पण स्वयंपाक करणारी म्हणून एक भर घालते. लग्नातल्या पातेल्यात वरचं शीत कच्चं असतं तेव्हा तळचं लागायला आलेलं असतं. एकाच जागचं शीत घेऊन भागत नाही. वरचं, मधलं, कडेचं, सगळीकडचं घ्यावं लागतं.

आकडेवाला
ताई, याच्यावर आम्हाला वर्गात दोन तास खर्च करावे लागायचे! आधी राज्यं, मग मतदारसंघ, मग मतदान केंद्र, मग यादीतली नावं, अशी थराथरानं निवड करतात ती याचसाठी. फक्त एक किंमत मोजावी लागते. एकाच केंद्रातली वीस माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून खरी चूक तीन टक्क्यांपेक्षा थोडी वाढते.

निवृत्त_शिक्षिका
मी नव्वदच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम केलं आहे. तेव्हा आमच्याकडे यादीतलं नाव नव्हतं, घर ठरलेलं असायचं. घरातल्या अठरा वर्षांवरच्या माणसांत ज्याचा वाढदिवस नुकताच होऊन गेला असेल त्याला विचारायचं.

एका घरी नंबर लागला सुनेचा. सासूबाई म्हणाल्या, “तिला काय कळतंय, मी सांगते.” सासरे म्हणाले, “आमच्या घरात एकच मत असतं.” सून कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिनंही सांगितलं, “यांनाच विचारा.” मी म्हटलं, फॉर्मवर तुमचंच नाव लागणार, मी थांबते. पोळ्या होईपर्यंत ओट्याशेजारी पाटावर बसले. पहिल्या सहा-सात प्रश्नांना ती “माहीत नाही” म्हणाली. मग विचारलं, सरकारनं आधी काय करावं, भाव कमी की कायदा-सुव्यवस्था की लोकांना बोलायला जास्त वाव? ती लाटणं खाली ठेवून म्हणाली, “बोलायला वाव.” आणि पुढे पाऊण तास बोलत होती. मला थांबवावं लागलं नाही, फक्त लिहावं लागलं.

तो चेहरा मी विसरलेली नाही. तिला तोवर कोणी काही विचारलंच नव्हतं. जेलरोडकर, तुमचं दार वाजलं नाही याचं वाईट वाटतं तुम्हाला, ते समजतं. पण हा चिठ्ठीचा नियम नसता तर त्या घरात सासरेच बोलले असते आणि देशाचं मत म्हणून तेच गेलं असतं.

जेलरोडचा जुना
ताई, हे वाचून गप्प झालो. आमच्याही घरी मीच बोललो असतो.

बडोदेकर
शिक्षिकाताईंनी त्या सुनेला विचारलेला तो भाव-सुव्यवस्थेचा प्रश्न जुना आहे. रोनाल्ड इंगलहार्ट नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं १९७० मध्ये तो पश्चिम युरोपातल्या सहा देशांत विचारला होता. चार गोष्टींतून दोन निवडायच्या: देशात सुव्यवस्था, निर्णयांत लोकांना वाटा, महागाईला आळा, बोलण्याचं स्वातंत्र्य. युद्ध आणि टंचाई पाहिलेली पिढी सुव्यवस्था आणि भाव म्हणते, पोटभर जेवून वाढलेली पिढी उरलेल्या दोन म्हणते, असा त्याचा सिद्धांत. पिढी बदलताना मन कसं बदलतं हे पाहायचं तर एकदा विचारून भागणार नव्हतं. पुढे वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे उभा राहिला, अनेक देशांत तेच प्रश्न काही वर्षांनी पुन्हा विचारणारा. पहिली फेरी १९८१ ला, सातवी २०२२ मध्ये संपली. भारत १९९० च्या फेरीपासून त्यात आहे.

ओट्याशेजारी पाटावर बसून कोणी हा प्रश्न विचारला असेल असं इंगलहार्टना स्वप्नातही वाटलं नसेल. पण ही जागतिक सर्वेक्षणं चालतात ती अशाच पाटांवर.

ग्वाल्हेरकर
मला देशांच्या आनंदाच्या क्रमवारीबद्दल बोलायचं आहे. दरवर्षी बातमी येते, फिनलंड पहिला, भारत १२६ वा (हे २०२४ चं). माझ्या मुलीनं विचारलं, बाबा, आपण इतके दुःखी आहोत का? मी शोधून पाहिलं. तिथे आनंद विचारतच नाहीत. शिडी विचारतात. शून्य ते दहा पायऱ्या, वर तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं आयुष्य, खाली सगळ्यात वाईट. तुम्ही कोणत्या पायरीवर? हॅडली कँट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची ही युक्ती १९६५ च्या त्याच्या पुस्तकातली आहे आणि भारतातही त्यानं ती त्याच सुमारास वापरली होती.

मी आमच्या वडिलांना विचारलं. पेन्शन आहे, चालतात-फिरतात, नातवंडं जवळ. म्हणाले, “पाच.” का? तर म्हणे, “आपल्या तोंडानं आठ-नऊ म्हणू नये, दृष्ट लागते.” आता सांगा, हा पाच फिनलंडच्या पाचाशी कसा तोलायचा?

पोहे_आणि_शेव
काकांना पोहे-जलेबी खाऊ घालून विचारा, सात तर पक्के!

आकडेवाला
ग्वाल्हेरकर, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. यावर काम झालं आहे. गॅरी किंग हे अमेरिकी अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की ‘सरकारच्या कारभारात तुमचं किती चालतं’ असं थेट विचारलं तर चीनमधले लोक मेक्सिकोतल्या लोकांपेक्षा आपलं जास्त चालतं म्हणत होते. मेक्सिकोत निवडणुकीनं सरकार नुकतंच बदललं होतं, तरीही. मग त्यांनी दोन्हीकडे त्याच काल्पनिक माणसांच्या छोट्या गोष्टी वाचून दाखवल्या. एकाच्या गावात पाणी शुद्ध नाही, पण तो आणि शेजारी मिळून मतदानानं ते बदलू शकतात. दुसरा काहीच करू शकत नाही, गप्प सोसत राहतो. यांचं किती चालतं ते सांगा. म्हणजे आधी प्रत्येकाची फूटपट्टी मोजली आणि मग त्याचं उत्तर. तसं केल्यावर क्रम उलटा झाला.

तुमच्या वडिलांना आधी अशा दोन-तीन माणसांच्या गोष्टी सांगून त्यांना पायऱ्या द्यायला लावा. मग त्यांचा पाच कुठे बसतो ते कळेल.

म्यूनिकमधला_इंदूरी
मी पलीकडच्या बाजूचं सांगतो. काही वर्षांपूर्वी मला इथे पत्र आलं की युरोपियन सोशल सर्व्हेसाठी तुमचं नाव निघालं आहे. जर्मनीत नगरपालिकेच्या रहिवासी नोंदणीतून नाव काढतात. मग एक बाई घरी आल्या, तासभर बसल्या. हे सर्वेक्षण २००२ पासून दर दोन वर्षांनी होतं. त्याआधीचा युरोबॅरोमीटर, म्हणजे युरोपीय संघाचं जनमत सर्वेक्षण, तर १९७४ पासूनचा, प्रत्येक देशात साधारण हजार माणसं, लक्झेंबर, माल्टा, सायप्रसला पाचशेच्या आसपास.

मी त्यांना सांगितलं, मूळचा इंदूरचा आहे, माझं मत धरू नका. त्या म्हणाल्या, तुम्ही इथे राहता, तुमचं धरलं नाही तर इथलं मत अपुरं राहील. मला ते फार लागलं, चांगल्या अर्थानं. इथे सात वर्षं राहून आपण इथले आहोत असं मला पहिल्यांदा एका प्रश्नावलीनं सांगितलं.

भाषेबद्दल आणखी एक. त्या सर्वेक्षणात एका माणसाचं भाषांतर चालत नाही. दोन जण वेगवेगळं करतात, मग तिसऱ्यासोबत बसून एकेक ओळ भांडून ठरवतात.

बडोदेकर
शब्द आणि आकडे नीट तपासले नाहीत की काय होतं ते २०१३ मध्ये दिसलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या वर्तमानपत्रानं वर्ल्ड व्हॅल्यूजचे आकडे घेऊन नकाशा छापला, कोणत्या देशात लोकांना दुसऱ्या वंशाचा शेजारी नको आहे. भारत ४३ टक्क्यांच्या वर, म्हणजे सगळ्यात असहिष्णू देशांत. जगभर फिरला तो नकाशा. नंतर कळलं की हाँगकाँगच्या आकड्यांत ‘हो’ आणि ‘नाही’ची अदलाबदल झाली होती. ७१.८ छापलं होतं, खरा आकडा २६.८.

आणि आपलं काय? आपल्या रोजच्या बोलण्यात ‘वंश’ म्हणजे घराण्याचा वंश, वंशाचा दिवा. आमच्या बडोद्यात मांडवीच्या पोळात कोणालाही विचारा, दुसऱ्या वंशाचा शेजारी चालेल का. तो आधी विचारेल, म्हणजे कुठल्या जातीचा? भेदभाव आपल्याकडे आहे, तो मला झाकायचा नाही. पण तो ज्या शब्दानं जगतो त्याच शब्दानं विचारला पाहिजे.

जेलरोडचा जुना
म्हणजे मी म्हणत होतो तेच झालं ना? प्रश्न चुकीचा, शब्द चुकीचा, फूटपट्टी वेगळी. मग हे करावंच कशाला?

आकडेवाला
काका, इथेच ‘पुन्हा पुन्हा विचारणं’ कामाला येतं. समजा ‘भरोसा’ हा शब्द आपल्याकडे जरा जड आहे. १९९० ला तो जड होता, आजही तेवढाच जड आहे. म्हणजे नॉर्वेशी तुलना वाकडी होईल, पण भारताची भारताशी होणार नाही. घड्याळ दहा मिनिटं मागे असलं तरी सकाळपासून किती वेळ गेला ते बरोबर सांगतं, काटे मध्येच कोणी हलवले नाहीत तर. म्हणून या धंद्यात सगळ्यात मोठं पाप म्हणजे चांगल्या हेतूनं प्रश्न सुधारणं. बदल मोजायचा तर माप बदलायचं नाही.

पोहे_आणि_शेव
यावरून आठवलं, भिया लोग. आपलं शहरांच्या सफाईचं स्वच्छ सर्वेक्षण! २०१६ ला इंदूर २५ वं होतं, २०१७ ते २०२३ सलग पहिलं, शेवटच्या वर्षी सुरतसोबत. पण परीक्षा एकूण किती गुणांची ते बघा. २०१७ ला २०००, पुढच्या वर्षी ४०००, मग ५०००, मग ६०००, २०२२ ला ७५००, २०२३ ला ९५००. शहरांची संख्या वेगळी, रकाने वेगळे. त्या वर्षी कोण पुढे हे कळतं आणि आम्ही पुढे आहोत याचा मला रोज सकाळी कचऱ्याची गाडी आली की अभिमान वाटतो. पण २०१७ पेक्षा आज इंदूर किती साफ झालं हे त्या गुणांवरून सांगता येत नाही. ते मी छप्पन दुकानच्या मागची गल्ली बघून सांगतो.

आकडेवाला
वा! हे उदाहरण मी जपून ठेवतो.

निवृत्त_शिक्षिका
आपण भरकटलो. ती मुलगी झोपली नाही म्हणते आहे आणि आपण फिनलंडला जाऊन आलो. तिच्या प्रश्नाचं काय?

आकडेवाला
खरंय. रामबागची लेक, आधी तुझा पहिला प्रश्न. तू समजावलं नाहीस ते बरोबरच केलंस. तू ‘वाड्यातले’ म्हणाली असतीस आणि उज्जैनमधल्या तुझ्या जोडीदारानं ‘बाजारातले’ म्हटलं असतं, तर दोन शहरांत दोन वेगळे प्रश्न विचारले गेले असते. आम्ही मात्र ते एकच समजून बेरीज केली असती.

आता आजींचा प्रश्न. तो त्यांच्या एकट्यांचा नाही. या धाटणीचा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत पहिल्यांदा विचारला गेला, १९४८ मध्ये, जनमताच्या अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांच्याकडून. तेव्हापासून जगभर फिरतोय. नॉर्वेत सत्तर टक्क्यांच्या वर लोक ‘भरवसा ठेवता येतो’ म्हणतात, कोलंबिया आणि फिलिपिन्समध्ये दहाच्याही आत. पण चीन साठ टक्क्यांच्या आसपास, हे अनेकांना खटकायचं. म्हणून वर्ल्ड व्हॅल्यूजच्या पाचव्या फेरीत, २००५ पासून, सहा प्रश्न जोडले. तुमचा भरवसा कुटुंबावर किती, शेजाऱ्यांवर किती, ओळखीच्यांवर, पहिल्यांदा भेटलेल्यांवर, दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या देशाच्या माणसांवर किती. २०११ मध्ये डेल्हे, न्यूटन आणि वेल्झेल या अभ्यासकांनी ५१ देशांची ही उत्तरं मूळ प्रश्नाला जोडून पाहिली. निघालं असं की श्रीमंत देशांत ‘बहुतेक लोक’ म्हटल्यावर अनोळखी माणूसही डोळ्यांपुढे येतो. चीन आणि त्याच्या आसपासच्या देशांत वर्तुळ लहान, ‘बहुतेक लोक’ म्हणजे जवळचे. वर्तुळ लक्षात घेतलं की क्रम बदलतो.

म्हणजे “वाड्यातले की बाहेरचे?” हा आजींचा प्रश्न या क्षेत्रातल्या लोकांना साठ वर्षांनी पडला. आजींनी तो चहा पिता पिता विचारला.

तुझ्या फॉर्ममध्ये पुढे ते सहा प्रश्न आहेत का? आठवून बघ.

ग्वाल्हेरकर
(वडिलांना गोष्टी सांगून पाहिल्या. गोष्टीतल्या मजुराला त्यांनी दोन दिले, गोष्टीतल्या मोठ्या अधिकाऱ्याला सहा. त्यांच्या शिडीत सहाच्या वर कोणी जातच नाही. म्हणजे त्यांचा पाच मोठा आहे. मुलीला दाखवलं, ती खूश.)

रामबागची लेक
उशीर झाला, फॉर्म जमा करून आत्ता घरी आले. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. निवृत्त_शिक्षिका, तुमची ती सून डोळ्यांसमोरून जात नाही.

आकडेवालेकाका, आहेत! सहाच्या सहा आहेत. बऱ्याच पुढे, मधे नोकरी-धर्म-सरकार वगैरे सगळं झाल्यावर येतात. मी त्या एका खुणेनं इतकी अस्वस्थ होते की हे प्रश्न भरभर विचारून गेले आणि त्यांचा याच्याशी संबंध आहे हे लक्षातच आलं नाही. सुपरवायझरांकडे फॉर्म जाण्याआधी पुन्हा उघडून पाहिला.

कुटुंब: पूर्ण भरवसा. शेजारी: पूर्ण भरवसा. तिथे तर मी ‘शेजारी’ म्हणेपर्यंत आजींनी उत्तर दिलं होतं, ते आता आठवलं. किल्ली त्या खुणेत आहे. ओळखीचे: बराच.

‘ऐसे लोग जिनसे आप पहली बार मिल रही हों’ वाचलं तेव्हा आजी माझ्याकडे बघून हसल्या होत्या. म्हणाल्या, “तू पहिल्यांदाच भेटलीस की. आत घेतलं ना तुला? लिही, बराच.”

जेलरोडचा जुना
लेकी, उद्या कुठे आहेस?

रामबागची लेक
सुदामानगर, आठ पत्ते. काका, यादीत तुमचं नाव नाही, पण चहाला येते.